गाणे आपले, गल्ला कुणाचा?

रेडिओ ही गरिबाची करमणूक, असे आपण नेहमी म्हणतो. सिनेमाला तिकीट लागते, टी.व्ही.ला केबलचे पैसे लागतात, मोबाईलला रिचार्ज लागतो. रेडिओला काहीच लागत नाही. दोन सेल टाकले की काम भागते. हिंगोलीच्या मोंढ्यातला हमाल, वसमतला हळद निवडणाऱ्या बाया, कळमनुरीतला शिलाईकाम करणारा, औंढ्याच्या रस्त्यावरचा टमटमवाला, या साऱ्यांना रेडिओने सोबत केली आहे. पूर्वी तो फळीवरच्या खोक्यात होता, आता मोबाईलमध्ये आणि गाडीच्या डॅशबोर्डमध्ये शिरला आहे, एवढाच फरक.

पण फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे कुणीतरी भरतच असतो. आणि जो पैसे भरतो तोच माल निवडतो, हा बाजाराचा साधा नियम आहे. आम्ही जमाखर्चाच्या वहीत उमेदीची वर्षे घातलेली माणसे. कुठलाही व्यवहार समोर आला की तो कुणाच्या नावे पडला आणि कुणाच्या खाती जमा झाला, हे पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. त्याच नजरेने रेडिओवरच्या गाण्यांकडे पाहिले तर काय दिसते, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. ज्याचे गाणे रोज वाजते त्याचे सुखदुःख सगळ्यांना ओळखीचे होते. ज्याचे वाजत नाही, तो आपल्याच गावात परका राहतो.

आधी व्यापारी, मग सरकार

आपल्या देशात रेडिओ आणला तो सरकारने नव्हे, एका खाजगी कंपनीने. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. परवाना काढून ऐकणारे श्रोते थोडे, यंत्रे महाग, खर्च मोठा. तीन वर्षांत, १९३० साली, कंपनी बुडाली. मग सरकारने हा कारभार हाती घेतला आणि १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचा स्वतःचा दक्कन रेडिओ हैदराबादहून बोलत असे. म्हणजे मुंबईकडे इंग्रजाचा रेडिओ आणि मराठवाड्याला राजाचा रेडिओ. श्रोत्याचा रेडिओ कुठेच नव्हता.

सरकारी रेडिओत पैशाची लुडबूड नव्हती, पण मर्जीची होती. एकच उदाहरण पुरे आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. शास्त्रीय गायनाच्या बारीक सुरांना पेटी न्याय देत नाही, ती विलायती आहे, असे बंदीच्या बाजूचे म्हणणे होते. तज्ज्ञांचा तो वाद आपण बाजूला ठेवू. पण पेटी म्हणजे भजनी मंडळाचा, कव्वालाचा, शाहिराचा आणि जलशाचा आधार. ज्यांना सारंगीवाला परवडत नाही त्यांचे ते वाद्य. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तीस वर्षे गरिबाचे वाद्य सरकारी माईकसमोर यायला नालायक ठरले होते.

असे असूनही सरकारी रेडिओची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना मुंबई केंद्रावरून हिंदी मजूर आणि युद्ध या विषयावर बोलले. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता व बंधुता या तीन शब्दांत सांगितले आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतले आहे, असे स्पष्ट केले. ही भाषणे कुणा साबणवाल्याच्या प्रायोजकत्वाची वाट पाहत बसली असती तर?

टूथपेस्टने काढलेली वाट

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे मत होते. रेडिओवर गाण्याबरोबर सिनेमाचे नाव सांगणे म्हणजे त्या सिनेमाची फुकट जाहिरात, असे ठरवून ते सांगणे बंद झाले. निर्मात्यांनी रागावून गाण्यांचे हक्क काढून घेतले. देशाच्या रेडिओवरून सिनेमाचे गाणे जवळजवळ गायब झाले.

लोकांची भूक मात्र गायब झाली नाही. ती ओळखली एका टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीने. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक होते अमीन सयानी, ज्यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, कोलंबोला जायचा आणि तिथून समुद्र ओलांडून आपल्या घरात यायचा. बुधवारची संध्याकाळ म्हणजे गीतमाला, असे समीकरण झाले. रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवरून गाण्यांचा क्रम लागत असे. झुमरीतलैया नावाचे झारखंडातले गाव फर्माईशीच्या पत्रांमुळे देशभर गाजले.

यातून दोन धडे निघतात. पहिला असा, की लोकांची आवड हुकूम काढून बदलत नाही. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आहे. सरकारने सोडलेली जागा रिकामी राहिली नाही, ती व्यापाऱ्याने घेतली. त्या व्यापाऱ्याने आनंद दिला, हे मान्य. पण रेकॉर्डचा खप हे ज्या मापाचे एक टोक होते, त्या मापात रेकॉर्ड विकत घेऊ न शकणाऱ्याची आवड मोजली जात नव्हती. फोनोग्राफ कुणाच्या घरी होता? आपल्या वस्तीत तरी नव्हता.

सरकारलाही चूक कळली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचे गाणे आकाशवाणीवर परत आले. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्या काळी रेडिओ बाळगायला टपाल कचेरीतून वर्षाचा परवाना काढावा लागे. १९८० च्या दशकात तो परवाना गेला. सर्वांना बरे वाटले. पण वहीच्या भाषेत सांगायचे तर परवान्याबरोबर आपले गिऱ्हाईकपणही गेले. श्रोता पैसे भरत होता तोवर तो मालकाला जाब विचारू शकत होता. आता पैसे जाहिरातदार भरू लागला आणि जाब विचारण्याचा हक्कही त्याच्याकडे गेला.

अमेरिकेतली लाच

गाणे वाजवण्यासाठी पैसे मोजण्याचा धंदा अमेरिकेत फार उघडा पडला. तिथे त्याला 'पेओला' असे नाव आहे. रेकॉर्ड कंपन्या रेडिओच्या निवेदकांना रोख रक्कम आणि भेटवस्तू देत आणि निवेदक त्यांची गाणी पुन्हा पुन्हा लावत. ऐकणाऱ्याला वाटे, गाणे लोकप्रिय आहे म्हणून वाजते. खरा प्रकार उलटा होता. ते वाजवले जात होते म्हणून लोकप्रिय होत होते. १९५९-६० साली अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. १९६० साली कायदा दुरुस्त झाला. पैसे घेऊन गाणे लावायचे असेल तर तसे श्रोत्यांना सांगा, न सांगणे हा गुन्हा. ॲलन फ्रीड हा नामांकित निवेदक १९६२ साली दोषी ठरला. दंड फक्त ३०० डॉलरचा झाला, पण त्याची कारकीर्द संपली.

कायदा झाला म्हणून रोग गेला नाही. २००५ साली न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर सोनी बीएमजी या बड्या कंपनीने १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. पुढच्या वर्षी युनिव्हर्सलने १ कोटी २० लाख डॉलर भरले. तेव्हा लाच निवेदकाच्या खिशात जात होतीच असे नाही. सहली, बक्षिसे, केंद्राच्या खर्चाला हातभार अशी तिने नवी रूपे घेतली होती.

आपल्याकडे टेबलाखालून काही द्यायची गरजच उरलेली नाही. नवा सिनेमा आला की त्याची कंपनी जाहिरातीचा वेळ विकत घेते, नट-नट्या केंद्रावर मुलाखतीला येतात, तिकिटांची बक्षिसे वाटली जातात आणि त्याच आठवड्यात त्या सिनेमाचे गाणे तासातासाला वाजते. हे सारे उघड, पावतीसह. मग त्यात वाईट काय? वाईट एवढेच, की जाहिरात कुठे संपली आणि गाणे कुठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

लहरींचा लिलाव

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हवेतल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. गायरान जसे गावाचे तशा या लहरी देशाच्या. सरकारची मक्तेदारी त्या निकालाने खिळखिळी झाली, ते चांगलेच झाले. पण पुढे काय झाले? गायरानाचा लिलाव झाला. ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला रेडिओ सिटी हे पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. मग २००५-०६ आणि २०१५ साली आणखी फेऱ्या झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली.

बोली लागते ती शहरावर, आणि शहराची किंमत ठरते तिथल्या खरेदीशक्तीवरून. बोली लावणारे कोण? रेडिओ मिर्ची टाइम्स समूहाचे, माय एफएम भास्कर समूहाचे, रेडिओ सिटी जागरण समूहाचे म्हणून वाढले. म्हणजे सकाळी जे वर्तमानपत्र हाती पडते, दुपारी त्याच घरचे गाणे कानी पडते. खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. मग उरले काय? गाणी, गप्पा आणि जाहिराती. गाण्यांची यादी संगणकात आधीच भरलेली असते. सिनेमातली, नवी, तपासून पाहिलेली गाणी फिरत राहतात. मुंबईसारख्या मराठी राज्याच्या राजधानीत खाजगी एफएमवर मराठी गाणे लागावे म्हणून आंदोलने करावी लागली, तिथे शाहिरीची आणि भीमगीतांची काय कथा!

संगीत कंपन्या आणि रेडिओवाले यांच्यातही पैशावरून मोठी भांडणे झाली. २५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट मंडळाने ठरवले, की एफएम केंद्रांनी जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाचे २ टक्के स्वामित्वधन म्हणून संगीताच्या मालकांना द्यावे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. ज्या गाण्यांच्या जोरावर दुकान चालते त्या गाण्यांचा वाटा तेव्हा ठरला शंभरात दोन रुपये, आणि तोही बहुतेक वेळा कंपनीच्या हाती, गीतकाराच्या नव्हे.

जाहिरातीतली गाडी आणि आपली वही

आता जाहिरातदाराला कोणाचे कान हवे असतात ते पाहू. अलीकडे गाण्यांच्या मध्ये 'हायब्रिड' मोटारींच्या जाहिराती येतात. पेट्रोल वाचते, हवा स्वच्छ राहते, घरी या आणि गाडी घेऊन जा. ही हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर असा जोड. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि पुढे गाडी ओढायला कामी येते. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये 'प्रियस' ही अशी गाडी बाजारात आणली. यंत्र म्हणून ते उत्तमच आहे. मात्र 'माइल्ड' हायब्रिड आणि 'स्ट्राँग' हायब्रिड यांत मोठा फरक असतो. माइल्डमध्ये विजेची मोटर नुसता हातभार लावते, एकटी गाडी चालवू शकत नाही. जाहिरातीत शब्द मात्र एकच ऐकू येतो.

आता हिशेब करू. आकडे सोपे जावेत म्हणून आम्ही धरलेले आहेत, वाचकांनी आपले आकडे घालावेत. समजा, साधी पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते आणि हायब्रिड २५ किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर. साध्या गाडीला किलोमीटरमागे ५ रुपये ८३ पैसे लागतात, हायब्रिडला ४ रुपये २० पैसे. वाचले १ रुपया ६३ पैसे. हायब्रिडसाठी ३ लाख रुपये जास्त मोजले असतील तर ते फिटायला सुमारे १ लाख ८४ हजार किलोमीटर गाडी पळवावी लागेल. महिन्याला १ हजार किलोमीटर धरले तर पंधरा वर्षे. अशा गाड्यांच्या बॅटरीची हमी साधारण ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते. म्हणजे पैसे फिटण्याच्या आधी हमी संपते.

वरचे ३ लाख कर्जाने घेतले, व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,८२७ रुपये. पेट्रोलची बचत महिन्याला १,६३३ रुपये. जाहिरातीत बचत ऐकू येते, हप्ता ऐकू येत नाही. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला कर्ज न काढता हे गणित साडेचार वर्षांत जमेल. घरगुती गाडीला जमणार नाही. कराचीही गोष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या हायब्रिड गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर होता. आता मोठ्या गाडीवर ४० टक्के, छोट्या गाडीवर १८ टक्के, आणि केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीवर ५ टक्के. हे सारे रेडिओच्या जाहिरातीत एका दमात, घाईघाईने म्हटलेल्या 'अटी लागू' या दोन शब्दांत मावते. वर्तमानपत्रात निदान बारीक अक्षरे भिंग लावून वाचता येतात. बारीक आवाजाला भिंग कुठून आणायचे?

वाचक म्हणतील, आपल्यात ही पंधरा-वीस लाखांची गाडी घेणार कोण? बरोबर. मुद्दा नेमका तोच आहे. जाहिरातदाराला ती घेऊ शकणारे कान हवे आहेत. म्हणून केंद्र त्या कानांना आवडतील अशी गाणी लावते. ऊसतोडीला गेलेल्या घराचे, वीटभट्टीवरच्या घराचे कान हजारो असले तरी त्यांच्यामागे खिसा नाही. गाडी आपण घेत नाही, पण तिच्या जाहिरातीने आपले गाणे मात्र बाजूला सारलेले असते. तो खर्च आपल्या वहीत कुठे लिहायचा?

आपली गाणी कोणत्या वाटेने आली

रेडिओने दार अर्धवट उघडले, तरी आपली गाणी थांबली नाहीत. ती जलशातून आली, ढोलकी-तुणतुण्यावर आली, सभेआधी गर्दी बसवण्यासाठी आली. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. हजारो गाणी त्यांनी रचली आणि गावोगाव फिरून गायली. विठ्ठल उमप यांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला कार्यक्रमातच देह ठेवला. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्या-वस्त्यांतून जी गाणी गायली गेली त्यांना कोणी प्रायोजक नव्हता. तरी ती लोकांना पाठ झाली.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटले. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले. गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजने कमी दरात कॅसेटी विकून मोठ्या कंपन्यांचा मक्ता मोडला आणि पाठोपाठ लहान-मोठ्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे आवाज घरोघर पोचले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर कॅसेटींचे ढीग पुस्तकांच्या शेजारी लागले. बाजारानेच ही गाणी पसरवली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बाजार म्हणजे सगळे वाईट, अशी आमची भूमिका नाही.

पण याच बाजारात गीतकाराला अनेकदा एकरकमी पैसे देऊन मोकळे केले गेले. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीची मोबाईलवरची फीत झाली, डीजेवर गाणे घुमू लागले, आणि गाण्यावरचे लिहिणाऱ्याचे नाव वाटेत कुठेतरी गळून पडले. आज छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि लाखो लोक ते मोबाईलवर ऐकतात. रेडिओच्या यादीची त्यांना गरज पडली नाही, याचा आनंद आहे. तरी मोबाईलवर पुढचे गाणे कोणते लागावे तेही एका परदेशी कंपनीचे यंत्रच ठरवते आणि मध्ये जाहिरात तिथेही येते. गल्ला तोच आहे, दुकान तेवढे बदलले.

माचनूरच्या बाया

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो फार लांब नाही. पूर्वी आपल्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या, आज तेलंगणात असलेल्या झहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या संघांतल्या दलित शेतमजूर बायांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' सुरू केला. माईकसमोर त्याच, यंत्रावर त्याच. ज्वारी-बाजरीचे बियाणे, बाळंतिणीचे औषधपाणी, पेरणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, असा त्यांचा माल. आपल्या राज्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आणि बारामतीला वसुंधरा वाहिनी ही केंद्रे आहेत.

सरकारने नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण बदलून नोंदणीकृत संस्थांना असे सामुदायिक रेडिओ केंद्र काढण्याची मुभा दिली. त्या धोरणानुसार संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि केंद्र नफ्यासाठी चालवता येत नाही. त्याचा आवाज दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोचतो. म्हणजे एक तालुक्याचे गाव आणि भोवतालची खेडी. खर्च लागतो, रोजचे काम लागते, चार माणसे पगारावर ठेवावी लागतात. हे अवघड नाही असे सांगून आम्ही कुणाला फसवणार नाही. पण एका जयंतीच्या डीजेवर, मंडपावर आणि रोषणाईवर सगळ्या वस्त्या मिळून किती खर्च करतात, ती बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट. आकाशवाणी ही आपल्या पैशाने चालते. प्रसारभारती कायदा १९९० च्या कलम १२ मध्ये तिची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत सामाजिक न्याय वाढवणे, शोषण, विषमता व अस्पृश्यता यांच्याशी लढणे आणि दुर्बल घटकांचे हित साधणे हे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरलाच नव्हे, एरवीही आपल्या शाहिरांची गाणी लावा, असे सांगणे ही भीक नाही. परभणी किंवा नांदेड केंद्राला पत्र लिहा. पत्रात गाण्याबरोबर गीतकाराचेही नाव लिहा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये फी भरून विचारा, की मागच्या वर्षी लोकसंगीताला किती वेळ दिला आणि त्यात कोणाची गाणी होती. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट. गाणी लिहिणाऱ्या आपल्या भावा-बहिणींनी वहीत तारीख घालून गाणे लिहून ठेवावे. कॉपीराइट गाणे रचताच निर्माण होतो, नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. पण केली तर पुरावा राहतो. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ साल संपेपर्यंत आहे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी गाणे दिले तरी स्वामित्वधनातला गीतकार-संगीतकाराचा वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही. कुठल्याही करारावर सही करण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावे.

तिसरी गोष्ट घरातली आहे, आणि ती मुलांनी करावी. एका संध्याकाळी एक तास रेडिओ ऐका आणि कागदावर पाच रकाने आखा. गाणे कोणते, सिनेमातले की बाहेरचे, गीतकाराचे नाव सांगितले की नाही, मध्ये जाहिरात कशाची आली, आणि ती वस्तू आपल्या घरात येऊ शकते का. तास संपला की बेरीज करा. सातवीतल्या मुलालाही हे काम जमते, आणि कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याला यातून जास्त कळेल. असे आठ-दहा घरांचे कागद जमले की ते पत्रासोबत जोडून केंद्रावर पाठवा. कचेरीत तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. आकड्यांसह आलेल्या कागदाला आवक क्रमांक पडतो आणि मग त्याला उत्तर द्यावेच लागते.